फोंड्यातलं सीए ऑफिस: घरून काम करत असाल आणि गोव्यात लग्न झालेलं असेल तर इथं नक्की जा

फोंड्याला वरच्या बाजारात एका सीए मॅडमचं छोटंसं ऑफिस आहे, माझं आणि नवऱ्याचं दोघांचंही रिटर्न आता तिथंच भरलं जातं. सीए लोकांवर जाहिरातीची बंधनं असतात म्हणून नाव टाकत नाही, फोंड्यातल्या कुणालाही विचारलं तर कळेल. पण रिव्ह्यू लिहायचाच होता कारण घरातून धंदा करणाऱ्या बायका गोव्यात खूप आहेत, कुणी केक करतं, कुणी शिवण, कुणी ट्यूशन, आणि घराचा खर्च टॅक्समध्ये दाखवता येतो हे बहुतेकींना कुणी सांगतच नाही, किंवा सांगतात ते अर्धवट.

माझं काम अनुवाद आणि संपादनाचं. भाड्याचा फ्लॅट आहे, त्यातली एक खोली फक्त कामाची. आधी आम्ही जिथं जायचो तिथं एकही कागद न मागता भाडं, लाइट, फोन सगळ्याचा तिसरा हिस्सा टाकून मोकळे व्हायचे. का तिसरा, तर सगळे तेवढाच टाकतात. मला ते कधीच पटलं नाही, कारण उद्या नोटीस आली तर उत्तर मला द्यायचं असतं, त्यांना नाही.

ह्या मॅडमनी पहिल्याच भेटीत फ्लॅटचा नकाशा मागितला. कारपेट एरिया ९०० चौरस फूट, कामाची खोली १३५, म्हणजे १५ टक्के. महिना १४,००० भाडं, वर्षाचे १,६८,०००, त्याचे १५ टक्के म्हणजे २५,२००. बस, एवढंच भाडं खर्चात. त्यांनी कायदा उघडून दाखवला, १९६१ च्या आयकर कायद्यात सेक्शन ३० मध्ये धंद्याच्या जागेचं भाडं, घरपट्टी, दुरुस्ती, विमा येतं आणि जागेचा काही भागच धंद्यासाठी वापरत असाल तर सेक्शन ३८ प्रमाणे त्या हिश्श्यापुरतंच मिळतं. लाइट आणि इंटरनेट सेक्शन ३७ मध्ये, आणि तिथं चौरस फूट लावून चालत नाही, वापर बघायचा. इंटरनेट माझ्या कामालाच जास्त लागतं म्हणून १२,००० मधले ९,००० धरले. लाइटचं बिल वर्षाला ३०,००० च्या आसपास, कामाच्या खोलीत दिवसभर एसी चालतो तरी त्यांनी २० टक्केच म्हणजे ६,००० धरले, म्हणाल्या, "फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन घरचं आहे ना, मग जेवढं सांगता येईल तेवढंच लिहायचं."

पावसात त्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती, रंग आम्ही लावून घेतला, मला वाटलं हा तर पूर्ण खर्च त्याच खोलीचा. त्यांनी ॲग्रीमेंट वाचलं. भाडेकरूला दुरुस्तीचा खर्च तेव्हाच मिळतो जेव्हा दुरुस्ती आपण करायची असं आपण कबूल केलेलं असतं, आमच्या ॲग्रीमेंटमध्ये ती मालकाकडे होती, म्हणून तो खर्च सरळ बाहेर. पुढच्या वेळी ॲग्रीमेंट रिन्यू करताना तो क्लॉज बघून घ्या म्हणाल्या, आणि ॲग्रीमेंटवर माझंही नाव घाला, कारण ते नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होतं आणि त्याने कंपनीत त्याच भाड्यावर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट, घेतली असती तर एकच भाडं दोनदा दाखवल्यासारखं झालं असतं. तो नवीन रिजिममध्ये (कमी दर, पण कमी सवलतींची करपद्धत) आहे, तिथं एचआरएची सूट नाही, म्हणून प्रश्न आला नाही. (धंद्याचे खर्च मात्र नवीन रिजिममध्येही मिळतात, ह्यावर लोकांचा फार गोंधळ आहे, ८०सी (विमा, पीपीएफसारख्या बचतीची वजावट) वगैरे जातं, धंद्याचा खर्च जात नाही.) आणि हो, नोकरीवाल्यांनी वर्क फ्रॉम होम केलं तर टेबल-खुर्ची-वायफायचं काही मिळत नाही, नवऱ्याने विचारून घेतलं.

कॉम्प्युटर ६०,००० चा. त्यावर घसारा (वस्तू झिजते त्याची दर वर्षाची वजावट) ४० टक्के, पण डिसेंबरमध्ये घेतला, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर म्हणून निम्मा, २० टक्के, १२,०००. टेबल-खुर्ची मे महिन्यातली, १२,००० ची, फर्निचरला १० टक्के, १,२००. सगळं मिळून ५३,४००.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय ती गोष्ट. मॅडमनी विचारलं लग्नाची नोंदणी गोव्यातच का, आणि लग्नाआधी वेगळा करार केला होता का. आम्ही दोघंही गोंयकार, करार वगैरे काही नाही. मग म्हणाल्या तुम्हाला सेक्शन ५ए लागतो. आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, धंदा असो, भाडं असो, बँकेचं व्याज असो, दोघांत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. १९९४ च्या फायनान्स ॲक्टने हे सेक्शन आलं, तेही १९६३ पासून लागू धरून. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून रिटर्न भरणाऱ्यांना हे कळणारच नाही कारण तिकडे हा विषयच नाही.

म्हणजे काय होतं बघा, माझा नफा वर्षाला खर्च जाऊन साधारण पाच लाख. एकटीचा धरला तर नवीन रिजिममध्ये बारा लाखापर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्स माफ, टॅक्स शून्य, मग घराचा खर्च दाखवा नाहीतर नका दाखवू, फरक काहीच नाही. पण ५ए मुळे त्यातले अडीच लाख नवऱ्याकडे जातात, त्याचा पगार स्टँडर्ड डिडक्शन जाऊन साडेबारा, एकूण पंधरा लाख, म्हणजे माझ्या मेहनतीचा निम्मा भाग त्याच्या १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. त्याचा पगार मात्र माझ्याकडे वाटला जात नाही. मला हे ऐकून राग आला, अजूनही थोडा आहे, पण कायदा आहे तो आहे आणि तो पाळल्यावर झोप शांत लागते. घराच्या ५३,४०० खर्चातला निम्मा, २६,७००, त्याच्या बाजूने कमी झाला, १५ टक्क्यांनी ४,००५ आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे वाचले साधारण ४,१६५ रुपये. हा आकडा मॅडमनी आधीच कागदावर मांडून दाखवला, "एवढ्यासाठी वर्षभर बिलं सांभाळणार का ते तुम्ही ठरवा." असं सरळ कोण सांगतं? मी सांभाळते, कारण बिलं असली की कामाचा खरा खर्च मलाही कळतो.

टीडीएससुद्धा (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) वाटला जातो हे मला माहीत नव्हतं. क्लायंट १० टक्के कापतात ते माझ्या पॅनवर दिसतात, पण आयटीआर-३ (धंदेवाल्यांचा रिटर्न फॉर्म) मधल्या शेड्यूल ५ए मध्ये नवऱ्याचा हिस्सा त्याच्याकडे द्यावा लागतो, त्याच्या रिटर्नमध्येही तसंच, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. म्हणून दोघांचं रिटर्न एकाच ठिकाणी, एकाच दिवशी भरणं बरं. सहज, म्हणजे आयटीआर-१ हा सोपा फॉर्म, भरायची सवय असलेल्या नवऱ्यांनी लक्षात घ्या, बायकोचा धंदा असेल आणि ५ए लागत असेल तर सहज चालत नाही. माझ्या अडीच लाखावर त्याची कंपनी काही टॅक्स कापणार नाही, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्सच्या (वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा तो) तारखा (१५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च) त्याच्या फोनमध्ये टाकून दिल्या.

सेक्शन ४४एडीए बद्दलही विचारलं होतं, एकूण जमेच्या ५० टक्के नफा धरून मोकळं व्हायचं ते. ते ठरावीक व्यवसायांना, वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, इंटिरियर डेकोरेटर वगैरे, अनुवाद त्या यादीत नाही. आणि ज्यांना ते लागतं त्यांना घराचा खर्च वेगळा मिळत नाही, उरलेल्या ५० टक्क्यांत सगळं आलं असं समजतात.

माझी मावशी म्हार्दोळला स्वतःच्या घरात शिवणक्लास घेते, तिला बरोबर नेलं होतं. स्वतःच स्वतःला भाडं देता येत नाही, हे तिला छान समजावून सांगितलं. तेवढ्या भागाची घरपट्टी, चालू दुरुस्ती, विमा दाखवता येतो. घसारा राहत्या इमारतीला ५ टक्के मिळतो, पण जमिनीला नाही, आणि उद्या घर विकलं तर ज्या भागावर घसारा घेतला त्याचा फायदा सेक्शन ५० खाली शॉर्ट टर्म (अल्पमुदतीचा) धरतात, घर कितीही जुनं असलं तरी. मावशी म्हणाली मग नकोच गे, आणि मॅडम म्हणाल्या मीही तेच सांगणार होते. वडिलोपार्जित घरात तर मालकीत भावंडांची नावं असतात, तो आणखी वेगळा गुंता.

कमी काय आहे तेही सांगते. जुलैमध्ये फोन लागत नाही, मेसेजचं उत्तर रात्री उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी. पार्किंगचं तर विचारूच नका, गाडी लांब लावून चालत जावं लागतं, जिना उंच आहे, मावशीला त्रास झाला. दोघांच्या रिटर्नची फी ६,००० घेतली, कामाच्या मानाने योग्यच, पण आकडा शेवटी कळला, आधी सांगायला हवा. ऑफिसातली मुलगी मात्र फार गुणी, कुठलं बिल कमी आहे ते नेमकं सांगते, चिडचिड नाही.

जाणार असाल तर चवथीच्या गडबडीत जाऊ नका. भाड्याचं ॲग्रीमेंट, खोलीची मापं, लाइट-इंटरनेटची बिलं, बँक स्टेटमेंट, दोघांचं पॅन आणि लग्नाच्या नोंदणीची प्रत न्या. भाडं बँकेतून देत जा, एका दिवसात एकाला १०,००० वर रोख दिलेला धंद्याचा खर्च धरत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, सेक्शनचे नंबर बदललेत, मी वर दिलेत ते जुन्या कायद्यातले, २०२५-२६ च्या रिटर्नला तेच लागतात.