जास्त पळालेली ९११, झाकून ठेवलेली फेरारी की एनएसएक्स?

भाच्याने इंग्लंडमधल्या स्विंडनहून तीन जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे फोटो पाठवलेत आणि खाली एकच ओळ, "मामा, यातली कुठली घेऊ, इंजिन कुठलं टिकेल?" स्विंडनमध्ये आता अर्धा गोवा भरलाय, हाही पोर्तुगीज पासपोर्टवर गेला, अठरा वर्षं राबला आणि आता म्हणतो हौस करायचीय. करू दे की. त्याला उत्तर लिहायला बसलो तर ते लांबतच गेलं, म्हणून इथेच टाकतो, अजून कुणी असल्याच पेचात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

गाड्या अशा. १९८७ ची पोर्शे ९११ कॅरेरा ३.२, पळालेली १ लाख ३८ हजार मैल. १९८८ ची फेरारी ३२८, फक्त १९ हजार मैल. १९९२ ची होंडा एनएसएक्स, ९२ हजार मैल. पोराचं मन कुठे अडकलंय ते सांगायला नकोच, फेरारीच्या फोटोला तीन बदाम लावलेत आणि लिहिलंय "फक्त १९ हजार!!"

आणि हो, तो ज्याला मायलेज म्हणतो ते मीटरवरचा आकडा, आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरला किती देते ते. मी सरळ रनिंग म्हणतो.

माझी ३० वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. तिथे इंजिनाचं वय कुणी वर्षांत विचारत नाही, रनिंग अवर्स विचारतात, आणि त्याहून जास्त विचारतात लॉगबुक दाखव. जहाज पोर्टात आठवडाभर उभं असलं तरी आम्ही ल्यूब ऑइलचा पंप चालू करून टर्निंग गिअरने इंजिन फिरवायचो, का तर उभ्या इंजिनातलं ऑइल खाली उतरतं, लोखंड उघडं पडतं आणि हवेतली ओल आपलं काम सुरू करते. चालत्या इंजिनाची झीज ठरलेली असते, कुठे किती झिजणार ते आधी कळतं आणि त्याचे पार्ट मागवून ठेवता येतात. उभ्या इंजिनाचं काय होईल ते उघडल्याशिवाय कळत नाही.

ही अक्कल मला जहाजावर आली म्हणावं तर घरची गाडी मीच मारली. बाबांची जुनी पेट्रोल गाडी फोंड्याला घरामागच्या शेडमध्ये, बाबा गेलेले, मी बाहेर, आईने बिचारीने कव्हर घालून ठेवलेली. दोन पावसाळे तशीच. मीटरवर जेमतेम ४१ हजार किलोमीटर, म्हणजे विकायला काढली असती तर लोक उड्या मारत आले असते. चवथीला घरी आलो, चावी फिरवली, टक्क असा एक आवाज आणि गप्प. बॅटरी बदलली तरी तेच. मग प्लग काढून भोकांत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) ओतलं, चार दिवस मुरू दिलं, पाचव्या दिवशी क्रँकच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून रेटलं तेव्हा कुठे किर्र करून सुटलं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून बघतो तर बाकीचे तीन सिलिंडर चकचकीत आणि तिसऱ्या नंबरच्या भिंतीवर तांबूस कडं, बरोब्बर जिथे पिस्टनच्या रिंगा दोन वर्षं टेकून बसल्या होत्या तिथे. त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, पावसाळ्याची दमट हवा थेट आत. पुसून घेतलं, बोटाने लागत नव्हतं, पण नख वरून खाली नेलं की त्या कड्यावर अडकायचं. नख अडकलं म्हणजे रिंग पण अडकणार. गेलं बोरिंगला, सिलिंडर आतून कातून घ्यायला.

तर आता त्या १९ हजारवाल्या फेरारीकडे बघ. तिकडे गाडीच्या दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा रेकॉर्ड सरकारी साइटवर फुकट दिसतो, २००५ पासूनचा, प्रत्येक तपासणीला मीटर किती होतं त्यासकट. मी इथे बसून नंबर टाकून काढलं. एका वर्षी ३१ मैल, पुढच्या वर्षी ४४, मग २६. म्हणजे गॅरेजपासून तपासणीपर्यंत आणि परत, एवढंच बिचारीने जग पाहिलं. शेवटचं टायमिंग बेल्टचं बिल २०१४ चं. ३२८ चं इंजिन ३१८५ सीसीचं व्ही-८, व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवायला दोन रबरी बेल्ट, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह सरळ पिस्टनवर आपटतात. बेल्टला मैल कळत नाहीत, वर्षं कळतात, तीन ते पाच वर्षांत बदलायचाच, गाडी हलली असो नसो. सोबत बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बेअरिंगा, कूलंटचे पाइप, पेट्रोलचे पाइप, सील, सगळं रबर तेवढंच म्हातारं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल, तिकडे २०२१ पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, झालंय (आपल्याकडे तर ई२०), आणि ते टाकीत पडून राहिलं की ओल ओढतं. जुन्या गाडीत सुपरवालं ई५ घालायचं, पण या मालकाने काय घातलं आणि किती वर्षांपूर्वी घातलं कोण सांगणार?

फेरारीवर माझा राग नाही हां. ३२८ चं इंजिन दणकट आहे आणि बेल्ट बदलायला ते खाली उतरवावं लागत नाही, आडवं बसवलंय म्हणून चाकाच्या बाजूने हात जातो. त्यांचीच नंतरची एफ३५५ आली १९९४ ला, तिला बेल्टसाठी अख्खं इंजिन बाहेर काढतात, वर व्हॉल्व्हचे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) लवकर झिजायचे आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे जायचे. चुकून कुणी स्वस्तात एफ३५५ दाखवली तर हात जोडून निघ. ३२८ मध्ये एक खोड मात्र आहे, थंड असताना दुसरा गिअर पडत नाही, ऑइल तापेपर्यंत पहिल्यातून तिसऱ्यात जायचं, तो बिघाड समजू नकोस.

९११ कडे बघून पोरगा नाक मुरडतोय, "मामा १ लाख ३८ हजार मैल म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटर!" मग? टॅक्सीवाले विचारतात का? ते ३१६४ सीसीचं इंजिन हवेवर थंड होतं, रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, तापमान सांभाळायचं अर्धं काम ऑइल करतं आणि म्हणून ऑइल पण जवळजवळ १३ लिटर, वेगळ्या टाकीत. बेल्टऐवजी चेन. आधीच्या ९११ मध्ये चेनचे टेन्शनर दगा द्यायचे, ३.२ मध्ये १९८४ पासून ऑइलच्या प्रेशरवर चालणारे आले आणि ती कटकट मिटली. झिजतात ते व्हॉल्व्हचे गाइड. ऑइल जास्त खाते, निळा धूर येतो, मग वरचं काम करावं लागतं, हेड काढून गाइड आणि व्हॉल्व्ह, सोबत हेडचे स्टड. मोठा खर्च आहे, पण ठरलेला खर्च आहे, आणि या गाडीच्या फायलीत तो १ लाख १२ हजारला होऊन गेलेला दिसतोय, बिलासकट, पार्ट नंबरासकट. मागच्या मालकाने वेड्यासारखी बिलं जपलीत, ऑइल दरवर्षी, व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनावर ०.१ मिलिमीटरला सेट केल्याची नोंद दर खेपेला. अशी फाइल मला चीफ इंजिनियर असताना ज्युनियरांकडून कधी मिळाली नाही. ऑइल बघायची पद्धत उलटी आहे तेवढी लक्षात ठेव, इंजिन तापलेलं, चालू, गाडी सपाटीवर. बंद करून काडी बघितली तर वाटेल ऑइलच नाही, आणि लोक वरून ओतत बसतात.

एनएसएक्स. हिच्याबद्दल लिहायला कमी आहे कारण बिघडतच कमी. २९७७ सीसीचं व्ही-६, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, ८००० आरपीएमपर्यंत जातं, डेव्हलपमेंटच्या वेळी फॉर्म्युला वनवाल्या आयर्टन सेन्नाने जपानच्या सुझुका ट्रॅकवर चालवून सूचना दिलेल्या. मी सवयीने पिस्टनचा सरासरी वर-खाली स्पीड काढला, इंजिनाला किती ताण ते त्यावरून कळतं, ८००० ला सेकंदाला २०.८ मीटर. ९११ चा, ती पूर्ण पॉवर देते त्या ५९०० आरपीएमला, १४.६. ३२८ चा ७००० ला १७.२. आमच्या जहाजाचं मेन इंजिन आठच्या आसपास चालायचं आणि आम्हाला तेच खूप वाटायचं! एवढं पळूनही एनएसएक्स लाख मैल आरामात काढते. बेल्ट हिलाही आहे, वॉटर पंपासोबत बदलायचा. सुरुवातीच्या काही पाच-स्पीड गिअरबॉक्समध्ये एक स्नॅप रिंग (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) तुटायची, ठराविक नंबरांच्या बॉक्सना, तेवढा बॉक्सचा नंबर फोटो काढून पाठव.

आणि रनिंगची भीती वाटतच असेल तर इर्व गॉर्डन हे नाव शोधून बघ, अमेरिकेतला शाळामास्तर, १९६६ ची व्होल्वो पी१८००, २०१३ ला ३० लाख मैल पुरे केले. रोज चालवली, वेळेवर ऑइल बदललं.

मी काय करेन? दर रविवारी चालवायची असेल तर ९११, डोळे झाकून नाही पण एक डोळा झाकून. पाऊस, थंडी, ट्रॅफिक सगळ्यात घालायची आणि डोक्याला ताप नको असेल तर एनएसएक्स, फक्त चालवून उतरल्यावर ती मागे वळून बघायला लावते का ते तुझं तू ठरव, मला ९११ चा तो शिलाई मशिनीसारखा आवाज आवडतो, याला तर्क नाही. फेरारी कमी रनिंगची म्हणून विकताना भाव जास्त मिळेल हे खरं, पण मग तू तिला चालवणारच नाहीस, प्रत्येक मैलाला पैसे कमी होतात या भीतीने झाकून ठेवशील आणि ३१ मैलवाला तो माणूस होशील. मनात फेरारीच असेल तर ३२८ च घे पण ५०-६० हजार पळालेली, बेल्टची बिलं असलेली शोध, ही नको.

शनिवारी बघायला जातोयस तर विकणाऱ्याला आज रात्रीच कळव की गाडी आधी सुरू करून ठेवू नको. पोचल्या पोचल्या मागचं झाकण उघडून इंजिनावर हात ठेव, कोमट जरी लागलं तरी चहा पिऊन परत ये, दुसऱ्या दिवशी जा. थंड असेल तर मला व्हिडिओ कॉल लाव आणि मगच चावी फिरव, ९११ ने सुरुवातीला थोडा धूर काढला तर घाबरू नको, आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल झिरपतं, मिनिटभरात जायला हवा. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे इकडे अडीच, उन्हाळा आहे तुमचा. जेवून बसलेलाच असेन.