५० एचपीच्या अलीकडे की पलीकडे? पंपाचा ट्रॅक्टर आणि कॉमन रेल

नवा ट्रॅक्टर ४५-४९ एचपीचा घ्यावा की ५० च्या वरचा, हा प्रश्न आता नुसत्या ताकदीचा राहिलेला नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागले, म्हणून तिथे कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत. त्याखाली इंजिनात डिझेल ढकलणारा ओळखीचा यांत्रिक पंप अजून चालतो.

फरक धुरात आहे. ३७ ते ५६ किलोवॅटच्या (साधारण ५० ते ७५ एचपीच्या) गटात धुरातल्या काजळीच्या कणांची मर्यादा किलोवॅट-तासाला ०.४ ग्रॅमवरून ०.०२५ वर आली, म्हणजे सोळाव्या हिश्श्यावर. नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बनची एकत्रित मर्यादा मात्र ४.७ च राहिली.

यांत्रिक पंप इंजिनासोबत फिरतो. उसाची ट्रॉली चढावर आली, फेऱ्या पडल्या, की डिझेलचा दाबही पडतो. फवारा जाड होतो, नीट जळत नाही आणि सायलेन्सर काळा धूर ओकतो. टायमिंग मागे घेतलं, म्हणजे डिझेल थोडं उशिरा सोडलं, तर नायट्रोजन ऑक्साइड घटतात, पण धूर आणि डिझेलचा खर्च वाढतो. पंपाच्या इंजिनात ही ओढाताण सुटत नाही.

कॉमन रेलमध्ये दाब आधीच साठवलेला असतो, हजार बारच्याही (बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) वर, त्यामुळे कमी फेऱ्यांवरही फवारा बारीक राहतो. शिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एकाच स्ट्रोकला डिझेल तुकड्यांत सोडू शकतो: आधी चिमूटभर, मग मुख्य फवारा, गरज पडली तर मागून थोडं. पहिल्या चिमटीने इंजिनाचा ठोका मऊ होतो, मागच्याने उरलेली काजळी जळते.

पण हे इंजिन घाण डिझेल सहन करत नाही. शेतावरच्या बॅरलमधलं पाणी जुना नोझल काही दिवस पचवतो. कॉमन रेलचा इंजेक्टर त्यात लवकर जातो, आणि तो महाग असतो. दुरुस्तीला गावच्या मिस्त्रीकडे स्कॅनर लागतो.

माझं मत सांगतो. काम ४५ एचपीत भागत असेल आणि सर्व्हिस सेंटर लांब असेल, तर पंपाचाच घ्या. मोठा रोटाव्हेटर, दिवसभराची वाहतूक असेल तर कॉमन रेलला घाबरू नका. डिझेलचा धूर कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय, आणि तो धूर आधी चालवणाऱ्याच्याच छातीत जातो. घेण्याआधी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे का ते विचारा, आणि डिझेल फिल्टरखालचं पाणी रोज सकाळी उतरवायची तयारी ठेवा.