नॅचेझ ट्रेस पार्कवे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेच्या दक्षिणेतलं जेवण आणि तिथला इतिहास एकाच फेरीत बघायचा असेल, तर आमचं मत नॅचेझ ट्रेस पार्कवेला. मार्च ते ऑक्टोबर हा रस्ता तुकड्या-तुकड्यांनी, दोन्ही दिशांनी वापरून झाल्यावर हे लिहितोय. टेनेसीतल्या नॅशव्हिलजवळून मिसिसिपीतल्या नॅचेझपर्यंत ४४४ मैल, मधे अलाबामाचा छोटासा कोपरा. रस्ता नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहे. टोल नाही, ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, पेट्रोल पंप नाहीत आणि खायलाही काही नाही. शेवटच्या दोन गोष्टी गृहीत न धरता निघालं की सहल फसते.

सगळ्यात आधी जेवणाची वेळ. दक्षिणेतलं रोजचं, घरगुती जेवण मिळतं ते ‘मीट अँड थ्री’ खाणावळीत: मांसाचा एक पदार्थ, तीन भाज्या आणि कॉर्नब्रेड (मक्याचा पाव) किंवा बिस्किट, म्हणजे आपलं कुरकुरीत नव्हे, तर मऊ, जाड पावासारखं. भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीजसुद्धा असतं, दचकू नका. यातल्या बऱ्याच खाणावळी फक्त दुपारी चालतात आणि दोन-अडीचला बंद होतात. शनिवार-रविवारी अनेकांना कुलूप असतं. रविवारी जी उघडी असते तिथे चर्च सुटलं की रांग लागते. फळ्यावरचे चांगले पदार्थ एक वाजेपर्यंत संपतात. म्हणून आधी जेवणाचं गाव ठरवायचं, साडेअकराला तिथे पोचायचं, आणि बाकीचे थांबे त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवायचे.

त्यासाठी वेगाचा हिशेब खरा धरावा लागतो. मर्यादा ताशी ५० मैल, काही भागांत ४०. रेंजर वेग तपासतात आणि दंड करतात. छोटे थांबे धरून सरासरी ३५ च पडते. मेरिवेदर लुईसच्या कॅम्पग्राउंडपासून (मैल ३८५.९) ट्युपेलो (मैल २६६) म्हणजे १२० मैल, साडेतीन तास, साडेअकराचं जेवण हवं तर सकाळी आठला गाडी सुरू झालेली पाहिजे. सगळा रस्ता चार दिवसांत नीट होतो. दोन दिवसांत फक्त झाडं दिसतात.

मैलांचे आकडे दक्षिणेकडून, नॅचेझपासून चढत जातात. फोनवरचा नकाशा मात्र तुम्हाला सतत इंटरस्टेट महामार्गाकडे ओढतो, कारण तो वाट नाही, वेळ बघतो. उपाय एकच: वाटेवरचे चार-पाच थांबे क्रमाने घालायचे आणि नकाशा आधीच उतरवून ठेवायचा, लांबच्या लांब पट्ट्यांत सिग्नल नसतो. टाकी अर्धी झाली की जवळच्या गावात उतरून भरायची. डागडुजीसाठी काही तुकडे बंद असतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. संध्याकाळी हरणं आडवी येतात, आणि सायकलवाल्यांना पूर्ण लेन वापरायचा हक्क आहे.

आता शाकाहारींसाठी. ‘हे व्हेजिटेरियन आहे का?’ असं विचारू नका. काउंटरवरच्या बाई अगदी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतील, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच आहे. कोलार्डची पालेभाजी, चवळी, फरसबी हे सगळं डुकराच्या खारवलेल्या हाडाबरोबर किंवा चरबीबरोबर तास-दोन तास शिजवतात. चवीचा पायाच तो. नाव घेऊन विचारायचं: यात हॅम हॉक (तेच डुकराचं हाड) आहे का, बेकनचं तूप आहे का, चिकन स्टॉक आहे का? बिस्किटात आणि ‘पाय’ या भाजलेल्या पदार्थाच्या पारीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकतं, कॉर्नब्रेडच्या तव्याला बेकनची चरबी लावलेली असू शकते. बहुतेक वेळा निर्धोक निघतात त्या ग्रिट्स, मॅकरोनी-चीज, रताळी, कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) आणि टोमॅटोच्या फोडी. तळलेल्या भेंडीच्या बाबतीत तेल वेगळं आहे का तेवढं विचारावं, कारण त्याच कढईत कॅटफिश तळलेला असतो.

मराठी जिभेला इथे परकं फार थोडं वाटतं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्याच. जात्यावर दळलेल्या असतील तर एक वाटीला चार-पाच वाट्या पाणी, मंद आच आणि पाऊण तास हलवत राहणं. पाकिटातल्या झटपट ग्रिट्सवरून या पदार्थाला नापास करू नका. रस्त्याकडेच्या टपरीवर उकडलेल्या शेंगा मिळतात, पण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ, खारट पाण्यात, दाणा अगदी चवळीसारखा मऊ होईपर्यंत उकडलेल्या. ओल्या शेंगांच्या हंगामात, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, त्या घ्याव्यात. एरवी वाळलेल्या शेंगा भिजवून उकडतात, त्यांना ती गोडी नसते. सगळ्यात आपलं वाटलं ते सॉर्गम सिरप. गोड ज्वारीच्या ताटांचा रस चरकात काढून आटवतात, म्हणजे ज्वारीची काकवीच. सुमारे दहा गॅलन रसाचं एक गॅलन सिरप होतं. टेनेसीच्या टोकाला बाटली घेताना लेबलवर फक्त सॉर्गम आहे ना ते वाचा. कॉर्न सिरप मिसळलेला माल निम्म्या किमतीत मिळतो आणि चवीला निव्वळ गोड असतो. बिस्किट मधोमध उघडायचं, लोणी आणि काकवी आधी कालवून घ्यायची आणि मग लावायची.

उत्तर टोकाला नॅशव्हिलचं हॉट चिकन आहे. तळून झाल्यावर त्यावर लाल मिरचीची तेलकट पेस्ट फासतात, खाली पांढरा ब्रेड आणि वर काकडीचं लोणचं. तिखट खाणाऱ्यांनीही पहिल्यांदा ‘मीडियम’च घ्यावं, तिखट उशिरा चढतं. ट्युपेलोत डोबर्गर आणि ५० मैल उत्तरेला कोरिंथमध्ये स्लगबर्गर मिळतो. मंदीच्या काळात गोमांस पुरवून वापरण्यासाठी त्यात पीठ मिसळायचे, त्याचे हे वारस. चव बेताची, इतिहास मोठा. कोरिंथला गेलात तर अमेरिकन यादवी युद्धातली शायलोची रणभूमी जवळच आहे. ६ आणि ७ एप्रिल १८६२ या दोन दिवसांत तिथे दोन्ही बाजू मिळून सुमारे २३,७०० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

इतिहासासाठी मात्र रस्त्याचे खालचे ५५ मैल सोन्याचे आहेत, तिथे अख्खा एक दिवस ठेवा. मैल ४१.५ ला ‘संकन ट्रेस’: जुनी पायवाट जमिनीत खोल गेलेली, दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावरून जाणारे मातीचे कडे, आणि कड्यांतून लोंबणारी झाडांची मुळं. इथली माती लोएस, म्हणजे वाऱ्याने आणलेला बारीक गाळ. ती उभी कापली तर टिकते, पण पायांखाली झिजते. या वाटेने आधी चालले ते नॅचेझ, चॉक्टॉ आणि चिकसॉ हे इथले मूळ रहिवासी, मग ओहायो खोऱ्यातले नावाडी. हे नावाडी माल आणि होडीही नदीच्या खालच्या टोकाला विकून टाकायचे आणि याच वाटेने पायी घरी जायचे. साखळदंडात बांधून दक्षिणेकडे चालवत नेलेली गुलाम माणसंही याच वाटेने गेली. फोटो काढून पाच मिनिटांत परतण्यासारखी ही जागा नाही. पावसानंतर तळ निसरडा असतो, बूट घाला.

मैल १५.५ चं माउंट लोकस्ट हे सुमारे १७८० चं घर, पुढे वाटसरूंचा मुक्काम झालेलं; तिथल्या गुलामांच्या दफनभूमीपर्यंत चालत जाच. मैल १०.३ चा एमराल्ड माउंड आठ एकरांवर पसरलेला, ३५ फूट उंच मातीचा चौथरा आहे. शोधप्रवासी मेरिवेदर लुईस जिथे १८०९ मध्ये मरण पावला ते ग्राइंडर्स स्टँड आणि मैल १२२ चं सायप्रसचं दलदली जंगल यांना प्रत्येकी अर्धा तास पुरतो. जूननंतर गवतात चिगर (चावणारे बारीक किडे) आणि गोचीड असतात; लांब पँट, मोज्यांत खोचलेली. एप्रिल आणि ऑक्टोबरअखेर हेच आमचे पसंतीचे महिने.

नॅचेझला पोचलात की वाड्यांच्या फेरीआधी ‘फोर्क्स ऑफ द रोड’ला जा. दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी हा एक, १८६३ पर्यंत चाललेला. आज तिथे माहितीफलक आहेत आणि जमिनीतल्या काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या. शेजारून गाड्या जात असतात, चटकन दिसत नाही, म्हणून नकाशात आधीच टाकून ठेवा.

त्यानंतर हॉट टमाली, म्हणजे मक्याच्या पाल्यात गुंडाळून शिजवलेली सारण भरलेली गुंडाळी. मेक्सिकन टमालेपेक्षा ही बारीक. मसा या मेक्सिकन मक्याच्या मऊ पिठाऐवजी मक्याचं रवाळ पीठ, आत मसालेदार मांस, आणि वाफवण्याऐवजी मसाल्याच्या रश्श्यातच शिजवलेली. तीन-तीनची जुडी दोऱ्याने बांधून, खाऱ्या बिस्किटांबरोबर देतात. पाला खायचा नसतो. डझनाने घ्या आणि लाल रस वेगळा मागून घ्या, कारण गार झाली की पीठ घट्ट होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच रसात गरम केल्याशिवाय ती सुटत नाही.