गाडी चुकली आणि ग्रेचेन भेटली

कणकवलीत एसटी स्टँडमागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शनिवारी गाडी चुकली म्हणून शिरले. मालक बिल देत नाही, सुट्टे मागतो, पण पंखा आपल्याकडे फिरवतो. एक जुना इंग्रजी क्रीडा-अंक ३० रुपयांना मिळाला, कुबट वास फुकट.

आत ग्रेचेन फ्रेझर. १९४० च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या स्कीइंग संघात निवड झाली, आणि युद्धामुळे ऑलिंपिकच रद्द! मग हिने युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांना स्कीइंग शिकवलं. १९४८ ला स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमधल्या ऑलिंपिकला, तिशीला टेकलेली असताना, स्लॅलमला (बर्फाच्या उतारावर खांबांमधून नागमोडी उतरायची शर्यत) सगळ्यांत आधी उतरली. दुसऱ्या फेरीच्या तोंडावर वेळ मोजायच्या टेलिफोनची लाइन बिघडली. बाई १७ मिनिटं थंडीत तशीच उभी. तरी अर्ध्या सेकंदाने सुवर्ण. स्कीइंगमधलं अमेरिकेचं पहिलंच.

मी शाळेत खो-खो शिकवते. शिट्टी दोन मिनिटं लांबली की आमच्या पोरी ढेपाळतात. (बर्फ मी फक्त मासळी बाजारात बघितलाय, लाद्यांचा.)

शेवटची दोन पानं कसरीने खाल्लेली. परत गेले तर म्हणाला, "बाई, वाचलात ना तेवढा? दहा रुपये घ्या परत." घेतले. पाचपैकी चार तारे. अंक जरा उन्हात घाला, मालक.