मागच्या अंगणातला पूल आणि स्पा: वापरानंतरचा अनुभव (आणि एका चेक व्हॉल्व्हची कटकट)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू पूलबद्दल कमी आणि एका चेक व्हॉल्व्हबद्दल (पाइपात पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) जास्त होणार आहे. पूल वापरायला लागून आता बरेच महिने झालेत, पोहणं, पोरांचा दंगा, रात्री लाइट लावून बसणं हे सगळं छान चाललंय, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण मधल्या काळात सर्व्हिसवाल्यांनी जे डोकं उठवलं त्यानंतर म्हटलं आता लिहायचंच, निदान ज्यांचं खोदकाम अजून सुरू व्हायचंय त्यांचं तरी भलं होईल.

सेटअप नेहमीचाच. गुनाइटचा (म्हणजे फवारलेल्या काँक्रीटचा) पूल, 10 बाय 4 मीटर, सरासरी खोली 1.4, म्हणजे 56,000 लिटर. एका टोकाला 2 बाय 2 चा स्पा (बसायचा गरम पाण्याचा छोटा हौद), पूलच्या पातळीपेक्षा 30 सेंमी उंच, त्याच्या काठावरून पाणी पूलमध्ये सांडतं तो प्रकार. फिल्टर आणि हीटर दोघांत एकच, व्हेरिएबल स्पीडचा मेन पंप, स्पाच्या जेट्सना (जोरात पाणी मारणारी तोंडं) वेगळा पंप, ऑटोफिल (पातळी उतरली की आपोआप नळाचं पाणी सोडणारं) आणि ओव्हरफ्लो (जास्तीचं पाणी गटारात सोडणारा) दोन्ही. ज्यांनी असं काही बांधलंय त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

तर झालं असं की सकाळी उठून बघावं तर स्पा अर्धा रिकामा. बसायचा कठडा जेमतेम पाण्याखाली. पंप सुरू झाला की अर्ध्या तासात परत भरायचा, सांडायला लागायचा, दिवसभर सगळं झकास. रात्री पंप बंद, सकाळी परत तेच. आधी मी लक्ष दिलं नाही कारण संध्याकाळी जेव्हा कोणी वापरतं तेव्हा तो भरलेलाच असायचा. पण पाण्याच्या मीटरचा आकडा बघितला आणि झोप उडाली, कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. पहिलं उत्तर, न येताच, "साहेब, बाष्पीभवन आहे." अहो 30 सेंमी बाष्पीभवन एका रात्रीत? मग एक जण आला, त्याने व्हॉल्व्हचा अ‍ॅक्च्युएटर (पाणी पूलकडे की स्पाकडे ते ठरवणारा व्हॉल्व्ह फिरवणारी ती मोटर) खराब आहे म्हणून बदलला, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, कारण दुसऱ्या सकाळी स्पा परत खाली. तिसऱ्या खेपेला जो आला त्याने तर थेट डेक (पूलभोवतीची फरशी) फोडायची भाषा सुरू केली, म्हणे खाली पाइप फुटला असणार, लीक शोधणाऱ्यांना बोलवा, त्याचं बिल वेगळं. तेव्हा मी म्हटलं थांबा, आधी मीच बघतो.

बादलीची टेस्ट सगळ्यांना माहीत असेल तरी सांगतो कारण ती फुकट आहे आणि कुठलाच सर्व्हिसवाला आपणहून करत नाही. ऑटोफिल बंद करायचं. बादली पूलच्या पायरीवर ठेवायची, तिच्यात पूलचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरायचं, आत आणि बाहेर टेपने खूण करायची आणि 24 तास थांबायचं. दोन्हीकडे सारखंच पाणी उतरलं तर ते बाष्पीभवन. पूल जास्त उतरला तर गळती. मी पंप पूर्ण 24 तास चालू ठेवून केली, दोन्हीकडे सारखंच उतरलं, म्हणजे पंप चालू असताना कुठेही गळत नव्हतं, डेक फोडायचा विषय तिथेच संपला. मग रात्री पंप बंद केला आणि स्पाच्या टाइलवर पेन्सिलने खुणा करत बसलो. पाणी उतरत उतरत पूलच्या पातळीपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. हे फार महत्त्वाचं आहे. पाणी जमिनीत जात असतं तर ते पूलच्या पातळीला येऊन शहाण्यासारखं थांबलं नसतं, आणखी खाली गेलं असतं. म्हणजे स्पातलं पाणी पाइपातून उलटं फिरून पूलमध्ये जात होतं, आणि ते उलटं जाऊ नये म्हणूनच तर स्पाच्या रिटर्न लाइनवर (पंपाकडून स्पात पाणी आणणारा पाइप) चेक व्हॉल्व्ह बसवलेला असतो! खात्री करायला पुढच्या रात्री त्या लाइनचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करून झोपलो. सकाळी स्पा काठोकाठ.

आता पाणी नुसतं स्पातून पूलमध्ये गेलं तर वाया कसं जातं, हे मलाही कागदावर मांडल्यावरच कळलं. स्पाचे 4 चौरस मीटर गुणिले 30 सेंमी म्हणजे 1,200 लिटर. ते 40 चौरस मीटरच्या पूलमध्ये आले की पूल 3 सेंमी वर चढतो. आमचा ओव्हरफ्लो त्याच्या आतच आहे, त्यामुळे त्यातलं बरंचसं पाणी रात्रीच गटारात. सकाळी पंप सुरू झाला की स्पा भरायला पाणी पूलमधून ओढलं जाणार, पूलची पातळी खाली, की ऑटोफिल इमानदारीत नवीन पाणी सोडणार. रोज. आणि ऑटोफिलमुळे पूल कायम भरलेलाच दिसणार म्हणून कोणाला पत्ताही नाही. ऑटोफिल ही सोय आहे पण चोरी झाकणारी सोय आहे, ज्याला लावायचंय त्याने त्या लाइनवर वेगळा मीटर लावावा, एवढं माझं ऐका. वर ज्या रात्री स्पा 40 अंशांवर तापवलेला असायचा त्या रात्री ते गरम पाणीही असंच जायचं. पूलच्या 26 अंशांपासून स्पाचे 2,300 लिटर 40 वर न्यायला साधारण 37 युनिट उष्णता लागते, त्यातली अर्धी-अधिक या उलट्या वाटेने पूलमध्ये आणि त्याने पूल तापणार किती, तर 0.3 अंश. सांगून राग येतो.

बरं, आता गुन्हेगार सापडला, व्हॉल्व्ह उघडून साफ करायचा, दहा मिनिटांचं काम. या व्हॉल्व्हला वर झाकण असतं, स्क्रू काढायचे, आत एक झडप असते, तिच्यात कचरा अडकलाय का बघायचं, ओ-रिंगला सिलिकॉनचं ग्रीस लावायचं (पेट्रोलियमवालं नको, रबर फुगतं), बंद करायचं. कंपनीने झाकण दिलंय ते याचसाठी. आमच्याकडे ते झाकण भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. भिंत आणि झाकण यात बोट जाईल एवढीच जागा. स्क्रूड्रायव्हर सोडा, झाकणावर काय लिहिलंय ते बघायला मला मोबाइल मागे सरकवून फोटो काढावा लागला. आणि दोन्ही बाजूंना पाइप पीव्हीसीच्या सिमेंटने कायमचा चिकटवलेला, युनियन (हाताने खोलता येणारा जोड) नाही. म्हणजे साफ करायचा तर कापायचा! बसवताना ज्याने तो हातात धरला होता त्याला मनगट अर्धा फेरा फिरवायचा होता बस्स, त्याचे काही जास्त पैसे लागत नव्हते.

पाइप कापून व्हॉल्व्ह बाहेर काढला तेव्हा झडपेच्या कडेला पांढरी पीव्हीसीची साल निघाली, नखाएवढी, गोल वळलेली. पाइप कापताना कडा न घासता, आत न पुसता जोडला की अशी साल आत राहते. म्हणजे ती त्यांचीच. तरी वाद काय, तर "व्हॉल्व्ह वॉरंटीत आहे पण कचरा अडकणं वॉरंटीत येत नाही." कचरा झाडाचा असता तर मान्य केलं असतं हो, ही साल काय झाडावरून पडली का? शेवटी मटेरियल त्यांचं, लेबर माझं, आणि बदललेल्या अ‍ॅक्च्युएटरचं बिल "बघू" वर. जुना अ‍ॅक्च्युएटर मी मागून घेतला, तो चालतोय, शेल्फवर ठेवलाय.

ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांनी उपकरणं बसवायच्या दिवशी तिथे उभं राहावं. प्रत्येक व्हॉल्व्हचं झाकण हाताला लागतंय का, पंप आणि हीटरला दोन्ही बाजूंनी युनियन आहेत का, लाइनवर नावं लिहिलीत का. गुनाइट मारायच्या आधी पाइप प्रेशरवर ठेवतात, तो गेज काँक्रीट होईपर्यंत काढू देऊ नका, सळईचा किंवा मशीनचा धक्का लागला की काटा लगेच खाली येतो आणि तेव्हाच कळतं. त्याच वेळी उघड्या पाइपांचे शेजारी टेप धरून फोटो काढा, नंतर खाली काय आहे ते कोणालाही आठवत नाही. तळाला दोन ड्रेन हवेतच, एकमेकांपासून निदान मीटरभर लांब, म्हणजे एकावर कोणी बसलं तरी दुसऱ्यातून पाणी ओढलं जातं आणि माणूस चिकटून राहत नाही, स्पालाही तेच लागू. कुंपण, आपोआप मिटणारं फाटक, अर्थिंग यावर काटकसर करायची नाही, यावर मी काही वेगळं लिहीत नाही.

आता चांगलं. कव्हर. पूलची बहुतेक उष्णता बाष्पीभवनातून जाते, 5 मिमी पाणी उडालं तर आमच्या पूलमधून 200 लिटर आणि त्याबरोबर जवळपास 135 युनिट उष्णता, म्हणजे अख्खा पूल 2 अंशांनी गार. ज्याला हीटर घ्यायचाय त्याने आधी कव्हर घ्यावं, उलटं केलं तर वरातीमागून घोडं. गुंडाळायचा कंटाळा येतो हे खरं आहे, पण युनिट डोळ्यांसमोर आणले की कंटाळा जातो. दुसरा व्हेरिएबल पंप. वेग निम्मा केला की पाणी निम्मं पण वीज कागदावर आठव्या हिश्श्यावर, मग दुप्पट वेळ चालवला तरी एक चतुर्थांशच. प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही पण पडतो भरपूर, आणि आवाज इतका कमी की चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं.

स्पाबद्दल मात्र मत बदलतंय हे लिहिता लिहिताच जाणवतंय. हे सुरू केलं तेव्हा मनात होतं की सगळ्यांना सांगायचं, पूल बांधा, स्पा जोडू नका, सगळ्या कटकटी त्याच्याच. जास्तीचे व्हॉल्व्ह त्याचे, जास्तीचा पंप त्याचा. पण हिशेब केला तर गार दिवसांत पूलमध्ये कोणी उतरत नाही आणि स्पात रोज कोणी ना कोणी असतं. अख्खा पूल 1 अंशाने तापवायला 65 युनिट लागतात आणि स्पा सगळा तापवायला 37. म्हणजे महिन्यांच्या हिशेबाने जास्त वापर त्याचाच आणि खर्च कमी. बायको सुरुवातीपासून हेच म्हणत होती, तिने हा परिच्छेद वाचला तर बरंच आहे. फक्त 40 च्या वर जायचं नाही, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर यायचं आणि गरोदर बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय बसायचं नाही. जेट्स पाठीला कुठे लागणार ते कागदावर कळत नाही, कॉन्ट्रॅक्टरला रिकाम्या शेलमध्ये बसून दाखवायला लावा, आमचे दोन जेट्स मानेच्या वर पाणी उडवतात आणि ते आता तसेच राहणार.

अपडेट: नवीन व्हॉल्व्ह, झाकण वर, दोन्हीकडे युनियन. स्पा रात्रभर जागचा हलत नाही, मीटर शांत. पण नवीनच प्रकार, पीएच रोज वर. आधी वाटलं प्लास्टर नवीन आहे म्हणून, नव्या प्लास्टरमधून चुना सुटतो आणि पहिले महिने पीएच चढतोच. पण ते दिवस गेले तरी चढतोय. कारण स्पावरून सांडणारं पाणी. पाणी खळाळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, तो उडला की पीएच वर, जशी सोड्याची बाटली हलवली की फस्सकन होतं तसंच हळूहळू. आधी हे का दिसलं नाही? कारण रोजच्या गळतीने नवीन पाणी येत होतं, तेच सगळं गोंधळात टाकत होतं. मग दर थोड्या दिवसांनी आम्ल, आम्लाने अल्कलिनिटी (पीएच सहज हलू न देणारे पाण्यातले क्षार) पण उतरते, म्हणून मी आता ती मुद्दाम 80 पीपीएमच्या आसपासच ठेवतो, 120 च्या मागे लागत नाही, पीएच बराच संथ झालाय. कॅल्शियम मात्र घसरू द्यायचं नाही, नाहीतर पाणी प्लास्टर खातं. आणि स्पावरून पाणी सांडणं (स्पिलओव्हर) दिवसभर नाही, टायमरवर दोन तास, बाकी वेळ स्पात पाणी फिरण्यापुरतं.

बिलाचं अजून मिटलेलं नाही. परवा त्यांचा मेसेज आला, "डिझाइनप्रमाणेच बसवलंय." मी ते ड्रॉइंग काढून बघितलं. त्यात चेक व्हॉल्व्ह आहे, झाकण कुठल्या बाजूला ते दाखवलेलंच नाही. तसं लिहून पाठवलंय, निळी टिक झालीय, उत्तर नाही.