बटाट्याला शेणखत की युरिया-डीएपी? उत्पन्न आणि क्वालिटी, दोन्ही अंगांनी

शेणखत की युरिया-डीएपीसारखं रासायनिक खत, हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो, तो म्हणजे पिकाला भूक लागते तेव्हा नत्र (नायट्रोजन) हाताशी असतं का. बटाटा 90 ते 120 दिवसांत उरकणारं पीक, मुळंही बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच, आणि खाणं जवळपास सगळं पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. तेव्हा जे मिळालं नाही ते नंतर कितीही घाला, फार उपयोग नाही.

आता उत्पन्नाचं बघू. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे 10 टनात साधारण 50 किलो. 100 किलो युरियात 46 किलो. कागदावर जवळपास सारखंच दिसतं, पण शेणखतातलं नत्र सूक्ष्मजीवांनी मोकळं केल्याशिवाय पिकाला मिळत नाही, त्यामुळे पहिल्या हंगामात त्यातलं पाव ते एक तृतीयांशच हाती लागतं, आणि जमीन थंड असेल तर तेही रडतखडत. म्हणून एकदम पूर्ण सेंद्रियवर गेलं की पहिल्या एक-दोन हंगामांत उत्पन्न खाली येतं. कोंबडी खत जास्त कडक, ते लवकर लागू पडतं. एक गोष्ट मात्र लोक विसरतात, सेंद्रिय शेतीतला बटाटा कमी निघतो त्यात करपा या पानं जाळणाऱ्या रोगाचाही मोठा वाटा असतो, सगळं खापर खतावर फोडू नका.

क्वालिटीत मात्र रासायनिकवाल्यांनी फार मिरवू नये. युरिया जास्त झाला की पाला मस्त हिरवागार, कमरेपर्यंत, आणि खाली कंद धरायलाच उशीर, पीक पक्व होत नाही, काढताना अंगठा घासला तरी साल निघून येते आणि असला माल साठवणीत वजन घटवतो, सडतो पण लवकर. कंद भराभर फुगला तर मध्ये पोकळी पडते ती वेगळीच. पोटॅशचंही तसंच, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पोटॅश असतं पण सोबत क्लोराइड येतं, त्याने कंदातला कोरडा भाग कमी होतो. चिप्सला साधारण 20 टक्के किंवा त्याहून जास्त कोरडा भाग लागतो, त्यामुळे प्रोसेसिंगचा माल करायचा असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश बरं, त्यात 50 टक्के पोटॅश आणि वर गंधकही मिळतं. घरच्या घरी बघायचं तर मिठाच्या पाण्यात बटाटे टाका, जे वर तरंगतात ते पाणचट.

आणि सेंद्रिय म्हणजे आपोआप चांगली क्वालिटी असंही नाही हं! कच्चं शेण टाकलं तर हुमणी (जमिनीतली पांढरी अळी) येते, तणाचं बी येतं, सालीवर खरबरीत खपल्या धरतात, म्हणजे स्कॅब. जमिनीचा सामू (पीएच) साडेपाचच्या वर असेल तर तो जास्तच फोफावतो, आणि कंद धरायच्या वेळी माती कोरडी पडली तर विचारूच नका. चवीचं म्हणाल तर व्हरायटी आणि साठवण यांनी जेवढा फरक पडतो तेवढा खताने पडत नाही, असं माझं मत.

शेणखताची खरी कमाई मातीत दिसते. भारी चिकण जमिनीत दरवर्षी नीट कुजलेलं खत पडलं की वरंबा भुसभुशीत राहतो, कंद वेडेवाकडे होत नाहीत, काढणीला ढेकळं कमी येतात. हलक्या जमिनीत पाणी आणि खत दोन्ही धरून ठेवतं, नाहीतर वाळूतला युरिया एका जोरदार पावसात खाली निघून जातो.

मग करायचं काय? ऑरगॅनिक सर्टिफिकेटचा माल विकायचा नसेल तर मी तरी दोन्ही वापरीन. मशागतीतच कुजलेलं खत मिसळायचं, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (म्हणजेच पोटॅश) लागणीला, आणि नत्राचे निदान दोन हप्ते, अर्धं लागणीला, उरलेलं साधारण महिन्याने भर लावताना, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी माती चढवताना, त्यातही शेणखतातून मिळणारं वजा करून, हे वजा करणंच बहुतेक जण गाळतात. सर्टिफिकेटच हवं असेल तर आधी धैंचा किंवा ताग यासारखं हिरवळीच्या खताचं पीक घेऊन मातीत गाडा, लवकर येणारी आणि करप्याला तोंड देणारी व्हरायटी निवडा, आणि पहिल्या वर्षी सगळ्या रानात न करता एका तुकड्यातच करून बघा.