मूनकेक, मुगाची पापुद्रेदार पेस्ट्री की दोउशा बाओ?

आत कडधान्य आहे म्हणजे पौष्टिकच, हा हिशोब चिनी पेस्ट्रीत फसतो. कोरड्या अझुकी (छोटं लाल कडधान्य) दाण्यांत १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. तेच दाणे शिजवून, सालं गाळून, साखर-तेलात परतले की त्या १०० ग्रॅम सारणात (चिनीत दोउशा) ५-६ ग्रॅम उरतात, आणि सालांबरोबर तंतूही जातात. म्हणून निवडताना सारणापेक्षा पारी बघा.

कँटोनी (दक्षिण चीनकडचा) मूनकेक म्हणजे सारण भरून भाजलेली सणाची पेस्ट्री. सहसा १८० ग्रॅमचा, ७०० कॅलरीच्या आसपास. पारी पातळ, जवळपास सगळं सारणच. हा एकट्याने संपवायचा नाही. आठ फोडी करून बिनसाखरेच्या चहासोबत वाटून घ्यायचा. भट्टीतून काढल्यावर पारी कडक लागते. दोन-तीन दिवस डब्यात ठेवला की सारणातलं तेल पारीत उतरतं आणि ती मऊ, चकचकीत होते. ताजा घ्यायचा हट्ट इथे उलटा पडतो.

चवीला आमचं मत आग्नेय चीनमधल्या शियामेन-चाओचौकडच्या मुगाच्या पेस्ट्रीला. नग जेमतेम ४५ ग्रॅमचा, त्यामुळे प्रमाणही आवाक्यात राहतं. पण पापुद्रे चरबीशिवाय सुटत नाहीत: आतल्या कोरड्या कणकेत मैद्याच्या निम्मी चरबी, बाहेरच्या कणकेत पाणी आणि थोडी चरबी. एकात एक गुंडाळून दोनदा लाटायचं, मध्ये १५-२० मिनिटं झाकून ठेवायचं. घाई केली किंवा चरबी वितळली तर थर एकमेकांत मिसळतात आणि बिस्किट होतं. सारणासाठी सालं काढलेली मूगडाळ वाफवून, वाटून, पुरणासारखी उलथनं उभं राहीपर्यंत आटवा. ओलं राहिलं तर भाजताना वाफ धरते आणि पेस्ट्री बुडाशी फुटते.

दोउशा बाओ म्हणजे दोउशा भरलेला गोल पाव, वाफवलेला, यीस्टच्या कणकेचा. पारीत चरबी नावापुरती. रोजच्या नाश्त्याला तिघांत हाच बरा, अर्थात मैदा आणि साखर आहेच. गॅस बंद करून तीन-चार मिनिटं झाकण काढू नका, नाहीतर बाओ आक्रसतो.

शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. पापुद्रेदार पेस्ट्रीत परंपरेने डुकराची चरबी असते, ती दोउशातही घालतात. मूनकेकला वरून अंडं लावलेलं असतं, काहींत खारवलेला बलकही असतो.